न सोडलेली पट्टी

भिवराबाई बोरपिंपळची सुईण. जातीनं न्हावीण. गाव गोदावरीच्या काठाला, गेवराईपासून दोन कोस. प्लेगाच्या साली नवरा गेला तेव्हा तिनं त्याची हजामतीची धोकटी खुंटीला टांगली आणि सासूच्या हाताखाली शिकलेलं बाळंतपणाचं काम पुढं चालवलं. वीसेक वर्षांत पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती.

तिचे दोन नेम होते. बाळंतिणीला हात लावायच्या आधी ती कडुलिंबाच्या उकळल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुवायची, नखांतला मळ काडीनं काढायची. घरच्या बाया कावायच्या, "तिकडं पोरगी वरडतीया आन् ही हात चोळत बसलीया!" पण ती बधायची नाही. दुसरा नेम सासूनं घालून दिलेला. जे काम आपल्याला कळत नाही त्यात हात घालायचा नाही. नुसत्या ऐकीव माहितीवर पोट चोळणाऱ्या आयाबायांच्या हातून मेलेल्या पोरी तिनं पाहिल्या होत्या.

घरात दुसरं माणूस नव्हतं. तांबी होती. तांब्याच्या रंगाची, एक कान फाटलेली कुत्री. एका धनगराची बायको तीन दिवस अडली होती, तिला भिवराबाईनं सोडवलं, तेव्हा धनगरानं दाण्याऐवजी हे पिलू तिच्या ओटीत टाकलं होतं. भिवराबाई बाळंतपणाला निघाली की तांबी पुढं. खोलीच्या दाराशी ती पुढच्या पायांवर तोंड टेकून बसायची आणि पोर रडलं की उठून उभी राहायची. बाहेर बसलेली पुरुषमाणसं तिच्याकडंच बघत राहायची. "तांबी उटली, सुटली गड्या बाई," असं म्हणायची आणि तंबाखूची पिशवी काढायची.

निजामाच्या राज्यातल्या फसली सन तेराशे सव्वीसचा भादवा होता. बाजरी कणसात आली होती. एका वस्तीवरचं बाळंतपण उरकून भिवराबाई भर दुपारी पांदीनं परत येत होती. बाजरीतून एकाएकी डुक्कर बाहेर आलं. मोठा, एकटा फिरणारा नर. तो पांदीत थबकला आणि भिवराबाईही थबकली. तांबी थांबली नाही.

"तांबे! माघारी! माघारी ये!" भिवराबाई ओरडली, पण तोवर डुकरानं मान एकदा खालून वर फेकली आणि पलीकडच्या शेतात शिरलं. तांबी धुळीत पडली होती. मागच्या मांडीचं मांस सुळ्यानं फाडून खाली लोंबत होतं, आत हाडाची पांढरी कड दिसत होती.

भिवराबाईनं पदराची लांब पट्टी फाडली, लोंबणारं मांस जागेवर बसवलं आणि आवळून बांधलं. गाठ मारली ती नाळेला मारायची गाठ. दोन वेढे, मग उलटी मुरड. दुसरी गाठ तिच्या बोटांना येतच नव्हती. कुत्रीला पाठीवर घेऊन ती गावात आली तेव्हा लुगड्याला पाठीमागून घोट्यापर्यंत रक्त लागलं होतं.

चावडीपुढं विठ्ठलराव पाटील बसले होते. त्यांनी हाक मारली.

"भिवरे, काय झालं गं?"

"डुकरानं फाडलं, मालक. हळद भरावी म्हनते."

"येवड्या जखमंला हळदीनं काय व्हतंय? गेवराईला ने. वेशीभायेर त्रिंबकराव सलोतरी हाय. रिसाल्यातून आलेला माणूस, घोड्यांचा डाक्तर. आमच्या घोडीचा पाय त्यानंच बरा केला. विलायती औषिदं हायती त्याच्याकडं. माजं नाव सांग."

भिवराबाई घुटमळली. गुरांच्या जखमा भरताना तिनं पाहिल्या होत्या, दोनचारदा हातही लावला होता. पण हाड दिसत होतं. शिवाय आपल्या कामात कुणी लुडबुड केलेली तिला खपत नसे, मग सलोतऱ्याच्या कामात आपण कशाला पडावं? आपल्याला बाईचं कळतं, जनावराचं नाही, असं स्वतःला बजावून तिनं टोपल्यात गोधडी घातली, तांबीला त्यात ठेवलं आणि टोपलं डोक्यावर घेऊन गेवराईची वाट धरली.

सलोतऱ्याचा मांडव वेशीबाहेर होता. पुढं कापडी छत, त्याखाली मेज, मेजावर काचेच्या बाटल्या. लाल पाणी, निळं पाणी. मागं खांबाला चौकटीत घातलेला एक कागद, त्यावर उर्दूत काहीबाही आणि खाली मोठा शिक्का. त्रिंबकराव स्वतः खाकी कोटात, पितळी गुंड्या लावून बसला होता. मिशांना तेल होतं.

मांडवाच्या मागच्या बाजूनं, काट्याच्या कुंपणापलीकडून वास येत होता. कुजल्याचा, मुताचा आणि त्यावर कशाचातरी कापरासारखा. भिवराबाईच्या नाकाला तो लगेच कळला. पण जनावरांची जागा आहे, वास असायचाच, अशी तिनं समजूत घातली.

सलोतरी एका बैलाच्या खांद्याचं गळू दाबत होता. पू त्याच्या बोटांवरून मनगटावर आला. ती बोटं त्यानं कोटाच्या पाठीमागं पुसली आणि तशीच तांबीच्या पट्टीखाली घालायला पुढं केली.

"साहेब," भिवराबाई म्हणाली, "हात धुवा की वाईच."

सलोतरी हसला. बैलवालाही हसला.

"बाई, हे काय बाळंतपण हाय व्हय? जनावराची कातडी येगळी आन् मानसाची येगळी. आमी रिसाल्यात दोन दोन हजार घोडी बघितली." त्यानं पट्टीच्या कडेनं बोट घातलं, तांबी विव्हळली, तसं त्यानं बोट काढून घेतलं. "जखम खोल हाय. टाके घालावं लागतील. रोज मलम, रोज नवी पट्टी, वर अर्क. आठ दिवस हितंच ठिवावी लागंल. चार रुपये, हाली शिक्क्याचे, आदी. खुराक आन् मलमाचे रोजचे आठ आणे निराळे."

मुलगा झाला तर भिवराबाईला रुपया मिळे, मुलगी झाली तर आठ आणे, तेही घर बरं असेल तर. चार रुपये म्हणजे चार मुलगे. तिनं कनवटीचे दोन दिले आणि पायातले रुप्याचे वाळे काढून मेजावर ठेवले. सलोतऱ्यानं वाळे हातात तोलले, दातानं दाबून पाहिले आणि कोटाच्या खिशात टाकले.

भिवराबाई निघाली तेव्हा तांबीनं तिच्याकडं पाहिलं. ती दाराशी बसायची तसंच तोंड पायांवर टेकलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी भिवराबाई शेळीच्या दुधाचा गडवा आणि भाकरी घेऊन आली.

"बगू द्या की एकडाव."

"न्हाई." सलोतऱ्यानं गडवा घेतला. "मालकाला बगितलं की जनावर उसळतंय. टाके तुटतील. मग मला बोल लावशील. कालच नवी पट्टी घातलीया. झाक भरत आलीया जखम."

"खाती का?"

"खाती तर! ही भाकरी कुसकरून घालतो." त्यानं हात पुढं केला. भिवराबाईनं रुपया ठेवला.

पाचव्या दिवशीही तेच झालं. या वेळी तो म्हणाला की मलम संपलं, नवा डबा औरंगाबादेहून मागवलाय, त्याचे दोन रुपये वेगळे. तिच्याकडं नव्हते. घरी जाऊन तिनं पितळेचं घंगाळ आणून दिलं. ज्या घंगाळात ती बाळंतपणाचं पाणी उकळायची तेच. चालत परत येताना तिला स्वतःचंच नवल वाटलं, की आपण काही न विचारता कसं दिलं. पण शिकलेल्या माणसापुढं बोलायला तिची जीभ उचलत नव्हती. कुंपणापलीकडचा वास वाढला होता. तो तिच्या लुगड्याला घरापर्यंत येत होता.

आठव्या दिवशी गेवराईचा बाजार होता. भिवराबाई पोचली तेव्हा मांडवापुढं गर्दी होती. शेळ्या, बैल, एक तट्टू. गर्दीच्या कडेला मदिनाबी बांगडीवाली तिची बांगड्यांची पेटी घेऊन उभी होती. दोघींची जुनी ओळख. ज्या घरात भिवराबाई पोर सोडवी त्याच घरात महिन्याभरानं मदिनाबी बाळंतिणीला हिरवा चुडा भरायला जाई.

"तू भी इथं?" मदिनाबीनं विचारलं. तिचा चेहरा उतरलेला होता. "मेरी बकरी गेली गे. थान सुजलं होतं. ह्यानं लाल बाटली दिली, तीन रुपये. पाजली मी. चवथ्या दिवशी मेली."

"कशाची बाटली?"

मदिनाबीनं ओढणीच्या गाठीतून बाटली काढली, बूच काढून बोट आत बुडवलं आणि भिवराबाईपुढं धरलं. बोट लाल झालं होतं. "हे देख. पुडीचा रंग. माज्या पेटीचं कापड मी ह्याच रंगात रंगवते. पानी आणि रंग. मेरेकू आज कळलं, जवा हात धुतला आन् निघंना तवा."

भिवराबाईनं पदर खोचला. ती मांडवाला वळसा घालून मागं गेली. काट्याच्या कुंपणात कुत्री-मांजरं जातायेतात तशी एक फट होती. तिनं काटे हातानं बाजूला केले आणि वाकून आत शिरली.

आत जमीन दिसत नव्हती. शेणामुताचा चिखल घोट्यापर्यंत होता आणि त्यावर माश्यांचा हलता थर. एक गाय आडवी पडली होती. तिचे डोळे उघडे होते आणि डोळ्यांच्या कडांवर माश्या बसल्या होत्या, ती जिवंत होती की नव्हती ते कळत नव्हतं. सगळ्या जनावरांना मिळून एकच पाण्याचा डोण, त्यात शेवाळ आणि मेलेला सरडा. बाजूला मात्र एक उंच, कोरडा, सारवलेला ओटा होता. त्यावर सलोतऱ्याचे झुंजीचे दोन कोंबडे टोपल्याखाली ठेवलेले. त्यांच्यापुढं परळात दुधात कुसकरलेली ज्वारीची भाकरी होती. शेजारी तिचा गडवा.

तांबी कुंपणाच्या कोपऱ्यात दोरीनं बांधलेली होती. ती चिखलातच पडली होती. भिवराबाईनं हाक मारली तेव्हा शेपटीचं टोक एकदा हललं. मांडीला पट्टी होती. भिवराबाई खाली बसली आणि तिनं पट्टीकडं पाहिलं. तिच्याच पदराचा फाडलेला तुकडा. रक्तानं काळा आणि पुवानं कडक झालेला. वर तिचीच गाठ. दोन वेढे, मग उलटी मुरड.

आठ दिवसांत कुणी ती सोडली नव्हती.

पट्टी हलत होती. आतून, खालून, कापडाला कुणीतरी ढकलत असल्यासारखी. भिवराबाईनं गाठीला हात लावला तसे कडेनं किडे खाली पडले. भातासारखे, पांढरे, जाड.

तिला उलटी झाली. वीस वर्षं रक्तात, वारेत, मेलेल्या पोरांत हात घातलेल्या बाईला तिथं, त्या चिखलात, उलटी झाली. तोंड पुसून तिनं दोरी दातानं तोडली आणि तांबीला उचललं. ती मागच्या फटीतून गेली नाही. मांडवातून गेली, मेजाच्या बाजूनं, गिऱ्हाइकांच्या मधून, आणि मेजासमोर, छताच्या सावलीत तांबीला खाली ठेवलं.

"ए बाई! कुणाला इचारून आत गेलतीस?" सलोतरी उठला.

"मदिना," भिवराबाई म्हणाली, "वड्यात सीताफळी हायती, पाला आन. लई आन. आन् तुजी भाकरीची ताटली दे."

बाजारात पिंपळाखाली रामहरी न्हावी बसायचा, तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. तिनं जाऊन त्याच्याकडून चिमटा मागून आणला. मदिनाबीनं पाला आणला, दगडावर ठेचला. भिवराबाईनं चहावाल्याकडून कढत पाणी घेऊन हात धुतले, कोपरापर्यंत. मग गाठ सोडली.

लोक मागं सरकले. कुणीतरी "अरारा" म्हणालं. वास छताखाली भरून राहिला. मांडीत मूठ जाईल एवढा खड्डा होता आणि तो खड्डा उकळत असल्यासारखा हलत होता. टाका एकही नव्हता. मलमाचा बोटभर थर नव्हता. भिवराबाईनं पाल्याचा हिरवा रस त्यात पिळला. किडे वळवळत वर आले. ती चिमट्यानं एकेक काढू लागली आणि मदिनाबीच्या ताटलीत टाकू लागली. तांबी ओरडत होती. मदिनाबीनं पेटी बाजूला ठेवून तिचं डोकं मांडीवर धरलं होतं.

"कुत्र्याच्या जातीला किडं पडत्यातच," सलोतरी मोठ्यानं म्हणाला. "चाटती ना जखम. त्याला मी काय करू? आन् बाई, तुजे अजून दीड रुपये निगत्यात. खुराकाचे."

भिवराबाईनं मान वर केली नाही. "पट्टी कवा बदलली व्हती?"

"रोज बदलली."

"ही गाठ माजी हाय. ह्या मुलखात ही गाठ मी मारते आन् माजी सासू मारायची. ती मेली." तिनं पट्टी चिमट्यात उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली. "तुमी मारून दावा. आत्ता मारून दावा, मी दीड रुपया देते."

सलोतऱ्यानं तोंड फिरवलं. त्यानं रुमाल नाकाला लावला.

शेवटचा किडा निघायला तासभर लागला. ताटली अर्धी भरली होती. भिवराबाईनं ती उचलली आणि मेजावर, लाल आणि निळ्या बाटल्यांच्या मधोमध ठेवली.

"हे तुमचं काम. ठिवून घ्या."

सलोतऱ्यानं ताटली हातानं फेकली. किडे पुढच्या लोकांच्या पायांवर पडले. बोंब झाली. खांद्याला गळू असलेला बैल घेऊन आठवड्यानं पुन्हा आलेला पंडित नावाचा शेतकरी पुढं झाला, त्यानं मुकाट्यानं आपला बैल सोडला आणि निघाला. आणखी दोघंतिघं गेले. पण सगळे गेले नाहीत. शेजारचा जिलेबीवाला आपली परात झाकून ओरडत होता, "ए बाई, तुला लाज हाय का? लोकांच्या खान्याजवळ किडं काढतीस? ऊट हितनं! वड्याला जाऊन कर!" आणि चारजण त्याच्या बाजूनं बोलू लागले. त्रिंबकरावाला कुणी काही म्हटलं नाही. ज्याच्या अंगावर कोट होता तो तिथंच राहिला आणि जिच्या हाताला घाण लागली होती तिला लोकांनी हाकललं.

तांबी वाचली. महिनाभर भिवराबाईनं रोज दोनदा जखम धुतली, हळद आणि कडुलिंबाचं तेल भरलं. खड्डा हळूहळू भरला. मागचा पाय आखडला, ती तीन पायांवर चालू लागली.

पण त्या महिन्यात भिवराबाईला बोलावणं आलं नाही. आधी तिला वाटलं, कुणी दिवसांचं नसेल. मग कळलं की खालच्या आळीत एक बाई गेवराईच्या सुईणीकडून बाळंत झाली. पाण्यावर गेली तेव्हा बायांनी घागरी बाजूला ओढल्या. विठ्ठलरावांची बायको कौशल्याबाई, जिची तिन्ही पोरं भिवराबाईच्या हातची, तिनं तोंडावरच सांगितलं.

"भिवरा, आमच्या सुनंचे दिस भरत आले. तू येऊ नगस. राग मानू नगस, पन त्या हातानं तू कुत्र्याचे किडे काढले. भर बाजारात. सगळ्यांनी बगितलं. माज्या नातवाला त्या हातात कसं देऊ? मला तर इचारानंच मळमळतंय."

"हात धुतले म्या, पाटलीणबाई. आदीबी, मागनंबी."

"धुतल्यानं काय जातंय ते?"

भिवराबाईला तिच्याकडं बघवेना. किळस म्हणतात ती तिला त्या दिवशी खरी कळली. किड्यांची तिला आली होती, पण ती पोटातून एकदाच आली आणि गेली. ही घशात बसली. आपल्याच हातांनी वाळे काढून दिले, घंगाळ दिलं, आठ दिवस तो वास नाकानं घेऊन गप्प बसलो, याचीही ती किळस होती.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस विठ्ठलरावांची घोडी पुन्हा लंगडायला लागली. त्यांनी त्रिंबकरावाला गेवराईहून बोलावून घेतलं. बाजारातली गोष्ट त्यांच्या कानावर आली नव्हती असं नाही. पण सलोतऱ्याची शिफारस त्यांनी दहा गावांत केली होती, आता तो लबाड ठरला तर आपलंच हसं होईल, असं त्यांना वाटत असावं. सलोतरी चार दिवस पाटलाच्या ओसरीत राहिला. सकाळ-संध्याकाळ तूप-पोळी.

त्याच चार दिवसांत सून अडली. गेवराईची सुईण आली, तिनं पोट चोळलं, मग घाबरली आणि कुणाला न सांगता निघून गेली. पोराचा हात बाहेर आला होता. तिसऱ्या प्रहरी विठ्ठलरावांचा गडी भिवराबाईच्या दाराशी धावत आला. "बाई, चला. सून मरतीया."

ती गेली. क्षणभरही थांबली नाही. कौशल्याबाईनं दारातच गोमूत्राचा तांब्या पुढं केला आणि तिच्या हातांवर ओतू लागली. भिवराबाईनं हात मागं घेतले.

"कडुलिंबाचं पानी आना. उकळलेलं."

पोरगी निळी पडली होती. भिवराबाईनं हात धुतले, तेल लावलं, आणि आडवं पोर आत फिरवायला लागली. हे काम डोळ्यांनी होत नाही. बोटांनी पाय शोधावा लागतो, धीर धरावा लागतो, कळ आली की थांबावं लागतं. मधली भिंत पातळ होती. पलीकडं ओसरीवर सलोतरी पुरुषांना गोष्ट सांगत होता.

"...आन् न्हावीन बसली की बाजारात किडं मोजत! म्हनती माजी गाठ, माजी गाठ! याडी हाय. अशी मानसं हात लावत्यात म्हनून तर रोग पसरत्यात." हशा उठला. त्यात विठ्ठलरावांचाही आवाज होता.

भिवराबाईच्या बोटांना टाच लागली. तिनं ती धरली आणि पुढच्या कळेला पोर ओढलं. मुलगी होती. ती उशिरानं रडली, पण रडली. मग वार पडली, रक्त थांबलं, सुनेनं डोळे उघडून पाणी मागितलं.

सुईण मागच्या दारानं जाते, हात धुऊन जाते. भिवराबाई उठली आणि तशीच मधल्या दारानं ओसरीवर गेली. कोपरापर्यंत रक्त होतं. ते तिच्या बोटांवरून सारवणावर ठिबकत होतं. पुरुष बोलायचे थांबले. सलोतऱ्यानं चटकन रुमाल काढून नाकाला लावला.

"मालक, नात झाली," ती विठ्ठलरावांना म्हणाली. "दोघी जित्या हायत्या."

मग ती सलोतऱ्याकडं वळली.

"त्रिंबकराव, हात दावा तुमचे."

त्यानं रुमाल नाकावर आणखी दाबला.

"दावा की. येवडे लोक बसले हायत. त्या हाताला रगत न्हाई, पू न्हाई, मलम न्हाई. आट दिस माजं जनावर तुमच्यापाशी व्हतं, हाताला कायबी लागलं न्हाई. लई साफ हात हायत. मालक, बगून घ्या. ह्यांच्या हाताला कुनाचंच कायबी लागत न्हाई."

"भिवरे, जा आता," विठ्ठलराव खालच्या आवाजात म्हणाले. "बायकांच्या बाजूनं जा."

"घोडीची पट्टी तरी उघडून बगा, मालक."

"जा म्हनलं ना."

ती गेली. मागच्या दाराशी कौशल्याबाईनं जमिनीवर एक लुगडं आणि आठ आणे ठेवले, हातात दिले नाहीत. मुलगी होती म्हणून आठ आणे. भिवराबाईनं आठ आणे उचलले, कारण ते कामाचे होते. लुगडं तसंच राहू दिलं.

घोडीची पट्टी कुणी उघडली नाही. पंधरा दिवसांनी घोडी मेली आणि विठ्ठलरावांनी सांगितलं की वय झालं होतं. त्रिंबकरावाला त्यांनी आधीच, ठरल्याप्रमाणे पैसे आणि वर एक पागोटं देऊन लावून दिलं. चार लोकांत पाटलाचा माणूस ठरलेला तो, त्याला रिकाम्या हातानं घालवला तर पाटलाचीच चूक झाली असं दिसलं असतं. पुढं गेवराईच्या वेशीबाहेरचा मांडव एके दिवशी उठला. कुणी म्हणालं तो नदीपलीकडं गेला, कुणी म्हणालं घाटाखाली. मदिनाबी ज्या ज्या बाजाराला जाई तिथं ती त्या लाल बाटल्यांची चौकशी करी. दोनदा तिला सापडल्या, पण विकणारा माणूस दुसराच होता.

गावातली बोलावणी हळूहळू परत आली. दुसरी चांगली सुईण जवळपास नव्हती आणि बायका अडायच्या थांबत नव्हत्या. ज्यांनी घागरी ओढल्या होत्या त्याच बाया दाराशी आल्या. पंडित आपला बैल घेऊन आला आणि ओशाळून म्हणाला, "बाई, तुमी वाईच बगता का?" तिनं आधी सांगितलं की मला जनावराचं पुरतं कळत नाही, जेवढं कळतं तेवढं करीन, आणि मग गळू धुवायला घेतलं.

दोन वर्षांनी पाटलाची सून पुन्हा दिवसांची राहिली. बोलावणं आलं तेव्हा भिवराबाई गेली, कारण त्या पोरीचं काही चुकलं नव्हतं. या खेपेला मुलगा झाला. कौशल्याबाईनं रुपया हातात दिला, ओटी भरली, आणि पितळी पेल्यात पाणी आणून पुढं केलं.

"दमली असशील. पी गं."

भिवराबाईनं पेला घेतला नाही.

"घरी जाऊन पिईन," ती म्हणाली.

पुढं त्या घरी तिनं आणखी तीन बाळंतपणं केली. पाणी कधी प्याली नाही.